अहो, तुमच्या फायली उघडल्या

अहो,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. तेहेतीस वर्षांच्या संसारात तुम्हाला तसं कधी म्हटलं नाही, आणि आज तर अजिबातच म्हणवत नाही. आज मी रागात आहे.

तुम्हाला जाऊन दहा महिने झाले. या दहा महिन्यांत मी रडले, जेवण टाकलं, भर उन्हाळ्यात तुमचा स्वेटर मांडीवर घेऊन बसले, सगळं केलं. पण रागावले नव्हते. गेलेल्या माणसावर काय रागवायचं? मात्र मागच्या मंगळवारी दुपारी तुमच्याच एका कागदानं मला असं काही सांगितलं की तेव्हापासून मी घरभर फिरून राहिले आणि भांडायला माणूस सापडून नाही राहिला. प्राची हैदराबादला. तिला फोनवर तिच्या बापाबद्दल काय सांगू? आणि या घरात मराठीत भांडता येईल असं दुसरं आहे तरी कोण?

म्हणून वही काढली. पहिल्यापासून सांगते. तुम्ही नेहमी म्हणायचे न, "मीना, तू गोष्ट मधूनच सुरू करते, माणसानं समजायचं काय?" तर घ्या, सुरुवातीपासून.

तुमचा तो जुना कॉम्प्युटर दिवाळीनंतर बंद पडला. तुम्ही होते तेव्हा रोज सकाळी फडक्यानं पुसायचे, संध्याकाळी त्यावर जुनी चादर टाकायचे. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ रायपुरात खिडकी लावली तरी येते, हे तुम्हाला माहीत होतं. मला सुचलंच नाही हो पुसायचं. त्या खोलीतच जात नव्हते मी. एक दिवस बटण दाबलं तर नुसता घरघर आवाज, आणि मग तोही नाही.

दुरुस्तीवाला म्हणाला, मशीन गेलं, पण आतलं सगळं सुखरूप आहे. प्राचीनं नवा लॅपटॉप पाठवला. दुकानातल्या माणसानं तुमच्या सगळ्या फायली त्यात टाकून दिल्या. घरी आणून उघडून पाहते तर पिवळ्या फोल्डरमध्ये ओळीनं नावं दिसत होती, तुम्हीच इंग्रजी अक्षरांत दिलेली. 'मीना नाम सुधार', 'प्राची फीस', 'मकान नल', 'वरिष्ठता'. मला इतका आनंद झाला! वाटलं, चला, माणूस गेला पण त्याचं लिहिलेलं तर राहिलं.

एकही उघडेना.

बोट दोनदा दाबलं की लॅपटॉप विचारायचा, ही फाइल कशात उघडू? आता हे मला काय माहीत? घर तुझं, सामान तुझ्याकडे आणून टाकलं, आणि मलाच विचारतो! प्राचीला फोन केला.

"मम्मी, कौनसी फाइल है? एक्सटेंशन क्या है उसका?"

"ते काय असते?"

"नाम के बाद डॉट के बाद क्या लिखा है?"

"डॉटच नाही आहे बाई."

"अच्छा रुको, मीटिंग है, संडे को देखती हूँ।"

चार रविवार गेले. तिला दोष नाही देत मी. तिचं घर, तिची नोकरी, तिची पोट्टी. पण मी मराठीत विचारते आणि ती हिंदीत उत्तर देते, तेव्हा मला वाटतं आम्ही दोघी रस्त्याच्या दोन बाजूंनी बोलून राहिलो आणि मधून गाड्या जाऊन राहिल्या. तुम्ही होते तर मधे उभे राहायचे. आता कोणी नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी घाई कशाची होती? होती न. पेन्शनच्या कागदांत मी अडकले होते. तुमच्या सर्व्हिस बुकात माझं नाव मीनाक्षी, लग्नात ठेवलेलं. बाकी सगळीकडे मीना. खिडकीवरच्या बाबूनं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "मीनाक्षी कौन हैं? उनको साथ लाइए।" मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, "और मीना?" मी म्हटलं, तीही मीच. मागच्या रांगेतले लोक हसले. तुम्ही असते तर तुम्हीही हसले असते, आणि मग मला बाहेर चहा पाजला असता.

मला आठवलं, हे नाव एक करायचा अर्ज तुम्हीच दोन वर्षांपूर्वी टाइप करून ठेवला होता. आदेशांचे नंबर, सगळं त्यात होतं. "देऊन टाकू पुढच्या आठवड्यात," म्हणाले होते. तो आठवडा आलाच नाही. तुमचं सगळं असंच 'पुढच्या आठवड्यात' असायचं!

शेवटी लॅपटॉप पिशवीत घालून बाजारातल्या एका दुकानात नेला. त्यानं काहीतरी केलं आणि फाइल उघडली. मी डोळे फाडून पाहिलं. पानभर इंग्रजी अक्षरं! शब्द म्हणावे तर शब्द नाही, नावं म्हणावी तर नावं नाही. मधेच स्वल्पविराम, मधेच कंस, मधेच मोठं अक्षर. एखाद्या लहान पोरानं कीबोर्डवर हात आपटावे तसं.

"आंटी, फाइल करप्ट हो गई है," तो म्हणाला. "सब ऐसी ही हैं। डिलीट कर दूँ? जगह खाली हो जाएगी।"

मी लॅपटॉपवर हात ठेवला. म्हटलं, "भैया, हात मत लगाना।" इतक्या जोरात म्हटलं की तो मागे सरकला.

घरी येताना ई-रिक्षात बसून मला रडू आलं. आधी तुम्ही गेले. मग तुमची मशीन गेली. आणि आता तुम्ही लिहिलेलंही असं चिंध्या होऊन पडलं होतं माझ्या मांडीवर.

मग मला वर्मा दीदी आठवल्या. तुमच्या शाखेतल्या, तुमच्या समोरच्या टेबलावर टाइप करणाऱ्या. तुमच्या तेराव्याला आल्या होत्या, जाताना म्हणाल्या होत्या, "भाभीजी, कभी भी आ जाना।" असं सगळेच म्हणतात. पण मी गेले. बूढ़ापाऱ्यात, तलावाच्या मागच्या गल्लीत त्यांचं माहेरचं घर आहे. रिटायर झाल्यापासून तिथंच खालच्या खोलीत हिंदी टायपिंग शिकवतात. मी गेले तेव्हा वर्ग सुटला होता. रिकाम्या खुर्च्या, भिंतीला लावलेले जुने कॉम्प्युटर, आणि मधे दीदी तांदळाचा वाफवलेला फरा खात बसलेल्या. मलाही बशी दिली, हाताशी चटणी सरकवली, आणि मगच विचारलं, काय झालं.

मी लॅपटॉप उघडून ती चिंध्यांची फाइल दाखवली. म्हटलं, "दीदी, सब बिगड़ गया। इनका लिखा हुआ सब बिगड़ गया।"

त्यांनी चष्मा लावला. पडद्याकडे पाहिलं. मग काय केलं सांगू? दोन्ही हातांची बोटं टेबलाच्या कडेवर ठेवली, डोळे अर्धे मिटले, आणि पडद्यावरचं एकेक इंग्रजी अक्षर पुटपुटत बोटं हलवू लागल्या. व्ही, के, ओ, एस, एन, यू. आणि म्हणाल्या, "आवेदन।"

मी खुर्ची पुढे ओढली.

"हव भाभीजी, आवेदन लिखा है। बिगड़ा कुछ नहीं है।" मग त्यांनी मला समजावलं. तुम्ही जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीनं टाइप करायचे. त्या काळच्या हिंदी फॉन्टमध्ये मशीनच्या पोटात इंग्रजी अक्षरच जायचं, फॉन्ट त्याला वरून हिंदीचं रूप द्यायचा. नव्या लॅपटॉपमध्ये तो फॉन्टच नाही, म्हणून आतलं उघडं पडलं. फायलींच्या नावांमागची शेवटची अक्षरं कुठंतरी गळून पडली होती, म्हणून त्या सुरुवातीला उघडतही नव्हत्या. एवढंच. "भाई साहब की उँगलियाँ वैसी की वैसी हैं इसमें," दीदी म्हणाल्या.

मग त्यांनी पडद्यावर एका ठिकाणी बोट ठेवलं. "ये देखिए। ई, एच, यू, के। ये आप हैं।"

"मी?"

"मीना।"

अहो, त्या एका पानावर माझं नाव पाच वेळा होतं. ई, एच, यू, के. मी शोधत गेले आणि सापडत गेलं. बाजारातल्या दुकानात हेच पान पाहून मी रडले होते.

दीदींनी त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमधून फॉन्ट पेन ड्राइव्हमध्ये घेतला, माझ्या लॅपटॉपमध्ये टाकला, आणि एकेका फाइलीचं नाव कसं नीट करायचं ते माझ्याकडून दोनदा करवून घेतलं. शिकवणं त्यांना येतं. 'मीना नाम सुधार' उघडली, तिथंच छापून दिली. दुसऱ्या दिवशी मी ती खिडकीवर दिली आणि बाबूनं वाचून मान हलवली. महिनाभरात ते काम झालं सुद्धा. आता मी सगळीकडे एकच आहे.

इथं थांबले असते तर किती बरं झालं असतं!

पण फायली खूप होत्या आणि दुपारी लांब असतात. चौबे कॉलनीतली दुपार तुम्हाला माहीत नाही, तुम्ही ऑफिसात असायचे. एक वाजता भांडी होतात, मग पाच वाजेपर्यंत कोणाची बेल वाजत नाही. मी रोज जेवण झालं की लॅपटॉप उघडायची, एका फाइलीचं नाव दुरुस्त करायची, उघडायची, आणि तुम्ही लिहिलेलं हळूहळू वाचायची. नळाची तक्रार. प्राचीच्या शाळेला फी माफीचा अर्ज. शेजारच्या काकांसाठी लिहिलेलं निवेदन. सगळं सरकारी हिंदी, 'सविनय निवेदन है कि'. तरी मला त्यात तुमचा आवाज यायचा. मग चहा करायची. सवयीनं दोन कपांचं पाणी ठेवायची.

मागच्या मंगळवारी 'वरिष्ठता' उघडली.

तुमच्या प्रमोशनच्या भांडणाचा अर्ज होता. तुमच्यापेक्षा ज्युनियर माणूस वर गेला होता, ते मला आठवतं. तुम्ही आठवडाभर नीट जेवले नव्हते. पहिला परिच्छेद वाचला. दुसरा वाचला. तिसऱ्यात लिहिलं होतं: 'राज्य पुनर्गठन के समय आवेदक को भोपाल में रहने का अवसर उपलब्ध था, किंतु आवेदक ने पारिवारिक कारणों से स्वेच्छा से छत्तीसगढ़ राज्य का विकल्प दिया था।'

मी ती ओळ परत वाचली. मला वाटलं फॉन्ट चुकला. खरं सांगते, मला वाटलं अजूनही काहीतरी नीट उघडलं नाही आहे!

स्वेच्छा से.

अहो, राज्य वेगळं झालं तेव्हा तुम्ही तर मला सांगितलं होतं, कोणी छत्तीसगडला जायचं याची यादी आली! भोपाळच्या घरी, ओट्यापाशी उभे राहून, बूटही न काढता म्हणाले होते, "मीना, वरून यादी आली. माझं नाव रायपूरले निघालं. काही इलाज नाही." आणि मी पोळी लाटता लाटता खाली बसले होते.

त्या वेळी माझी शाळा होती. तिसरीचा वर्ग. छोटी खासगी शाळा, पगार नावापुरता, पण बाईंनी सांगितलं होतं, पुढच्या सत्रापासून तुला कायम करते. त्या पाच तासांत मी कोणाची सून नव्हते, कोणाची जाऊ नव्हते. मीना मॅडम होते. फळ्यावर माझं अक्षर पाहून पोरं म्हणायची, "मॅडम, छापलेलं दिसते!" ती शाळा मी एका यादीमुळे सोडली. इथं आल्यावर प्राचीचा दमा, नवं गाव, ओळख ना पाळख, मग शिकवण्या, मग तेही नाही.

आणि ती यादी मी कधी विसरले नाही. हळदीकुंकवाला कोणी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या, तर मी सुरू व्हायची, "आमचं नाव निघालं न यादीत! नाही तर आम्ही काहून आलो असतो इथं?" एकदा तर मी म्हटलं होतं, "ज्यानं ती यादी केली त्याचे हात झडो!" तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मला ऐकू आलं, तुम्ही पेपर घडी करून ठेवला आणि चप्पल घालून बाहेर गेले.

वीस-बावीस वर्षं ऐकून घेतलं तुम्ही! एकदा तरी म्हणायचं होतं, "मीना, ते हात माझेच आहेत." मी काय केलं असतं? ओरडले असते, माहेरी गेले असते, आठ दिवसांनी परत आले असते. पण तुमच्यासमोर ओरडले असते न! आता कोणासमोर ओरडू? फोटोसमोर? फोटोत तर तुम्ही हसून राहिले.

तीन दिवस मी लॅपटॉप उघडला नाही. दिवा लावला नाही तुमच्यापुढे. प्राचीचा फोन आला, "मम्मी, आवाज़ कैसी लग रही है?" मी म्हटलं, सर्दी. चौथ्या दिवशी परत बूढ़ापाऱ्यात गेले.

वर्मा दीदींना मी नुसती ती ओळ दाखवली. त्यांनी वाचली, आणि त्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं की यांना माहीत होतं.

"आपको नहीं बताया उन्होंने?" त्या म्हणाल्या. "अब तक नहीं बताया?"

तेव्हा दीदी भोपाळलाच होत्या. सगळ्यांचे विकल्पाचे फॉर्म, कोणाला कोणतं राज्य हवं ते, त्यांच्याच टेबलावर आले होते, टाइप करायला. स्वतः त्या रायपूरच्या, त्यांना घरी परत यायचं होतं, म्हणून त्या खूश होत्या. पण भोपाळात घर, आई, भाऊ असलेला माणूस रायपूर मागतो, याचं त्यांना नवल वाटलं. त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही काय उत्तर दिलं ते त्यांना अजून तोंडपाठ आहे.

"बोले, दीदी, बड़े भाई से अलग होने की बात मैं मुँह से नहीं निकाल सकता। सरकार अलग कर दे तो कोई बुरा नहीं मानेगा। मीना उस घर में बचेगी नहीं।"

मी लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

"मैंने पूछा, भाभीजी को तो बताओगे? बोले, उसको झूठ बोलना नहीं आता। सास के सामने एक मिनट नहीं छुपा पाएगी। वहाँ पहुँचकर बता दूँगा।"

वहाँ पहुँचकर! ऐकलं न? पुढच्या आठवड्यात!

दीदींनी पाणी दिलं. खिडकीतून तलाव दिसत होता. त्या म्हणाल्या, "बुरे आदमी नहीं थे, भाभीजी।" मी म्हटलं, "वही तो दिक्कत है, दीदी।"

परत येताना मला ते सगळं आठवलं जे मी यादीच्या खाली दाबून ठेवलं होतं. तीन खोल्यांत नऊ माणसं. पहाटे चार वाजता खालच्या नळाला पाणी यायचं आणि मी आणि माझी मोठी जाऊ, विमलवहिनी, दोन जिने बादल्या चढवायचो. मग नऊ जणांचे डबे, मग शाळा, मग परत ओटा. भाऊजींचा, म्हणजे तुमच्या दादाचा, शब्द घरात शेवटचा. त्यांच्यासमोर तुम्ही मान वर करून बोललेलं मी पाहिलं नाही. प्राचीनंतर दुसऱ्या वेळी दिवस गेले, पाचव्या महिन्यात त्याच जिन्यावर माझ्या पोटात कळ आली. दवाखान्यातून रिकामी परत आले, आणि चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, पाणी कोण भरन?

त्या दिवशी मी तुमचा हात धरून म्हटलं होतं, "मले इथून काढा. कुठंही न्या, जंगलात न्या, पण इथून काढा." म्हटलं होतं न मी? हे मी साफ विसरले होते. यादी तेवढी लक्षात ठेवली, हे विसरले! तुम्ही नाही विसरले. काही महिन्यांनी नवं राज्य झालं, विकल्पाचे फॉर्म निघाले, आणि तुम्ही सही केली.

मग मी तुमची ऋणी व्हावं का? मला नाही होता येत. तुम्ही मला त्या जिन्यावरून उचललं, हे खरं. माझ्या हातातला खडू काढून घेतला, हेही खरं. आणि दोन्ही करताना मला विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित मीच म्हटलं असतं, चला. कदाचित म्हटलं असतं, नको, भोपाळातच वेगळी खोली घेऊ, तुम्ही दादाशी बोला. आणि तुम्ही घाबरत होते ते माझ्या नाही म्हणण्याला नव्हे, दादाशी बोलण्याला. हे मी तुमच्या तोंडावर म्हणाले असते. आता वहीत लिहिते.

अजून एक गोष्ट आहे. तीच मला जास्त झोंबून राहिली.

भोपाळच्या स्टेशनवर विमलवहिनी सोडायला आल्या होत्या. प्राचीला कडेवरून खाली ठेवेनात. गाडीनं शिटी दिली तेव्हा माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "तुमचं तं निघालं यादीत. माझं नाव कोणत्या यादीत निघन व?" आणि हसल्या. मीही हसले होते! गाडी सुटली, मी खिडकीतून हात हलवला, आणि मला वाटलं, बिचारी गंमत करून राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोन जणींच्या बादल्या एकटीनं कोणी चढवल्या? त्या दिवशी, आणि त्यानंतर किती वर्षं? आपण सुटलो, आणि मी सुटल्याचं दुःख सांगत फिरले. तुमच्या फॉर्मवर तुमचं नाव होतं, माझं होतं, प्राचीचं होतं. माझ्या वाटचं काम कोणावर पडणार, याचा रकाना नव्हता. तुम्हालाही सुचलं नसेल. मला तर शनिवारपर्यंत सुचलं नाही.

सासूबाईंचं सगळं त्यांनीच केलं. मग भाऊजींच्या आजारपणात चार वर्षं त्यांनीच काढली. तुमच्या तेराव्याला एकट्या रेल्वेनं आल्या, आणि पाहुण्या म्हणून बसायचं सोडून स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटत बसल्या. आता मुलाकडे असतात, भोपाळातच, नवीन फ्लॅटमध्ये. मुलगा-सून दोघं ऑफिसला. मी काल फोन केला.

"काय करून राहिल्या, वहिनी?"

"काय करू व? दुपार आहे. बसली आहो."

"बोलायला कोणी?"

"टीव्ही बोलते न. मी ऐकते." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुह्याशी बोलली का आपली भाषा तोंडात येते, मीना. नाही तं दिवसभर हिंदीच."

माझ्या तोंडावर आलं होतं, सगळं सांगून टाकावं. पण फोनवर नाही सांगितलं. अशी गोष्ट समोर बसून सांगायची असते. हे निदान तुमच्याकडून शिकले, उलट्या बाजूनं का होईना.

मी तिकीट काढलं आहे, स्वतः, लॅपटॉपवर. पुढच्या आठवड्यात नाही, या गुरुवारी. वहिनींना सांगणार आहे की यादी नव्हती, तुम्ही सही केली होती, आणि त्यात त्यांचा विचार आपण दोघांनीही केला नाही. त्या काय म्हणतील ते म्हणोत. चिडल्या तर चिडू देईन, समोर बसून राहीन. तुम्हाला माफ केलं असं मी इथं लिहिणार नाही, कारण अजून केलेलं नाही, आणि मला खोटं बोलता येत नाही हे तुम्हीच दीदींना सांगितलं होतं.

पण एक वचन देते. सगळं सांगून झालं की मी वहिनींना विचारीन, "माझ्याकडे रायपूरला राहायला येता का? दोन महिने, चार महिने, वाटलं तर कायमचं." विचारीन हं. त्यांचं सामान न बांधता, मुलाशी परस्पर न ठरवता, कुठलं निमित्त न काढता. विचारीन, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत गप्प बसेन. हो म्हणाल्या तर दोन तिकिटं काढीन. नाही म्हणाल्या तर एकटी परत येईन.

तुमची,
मीना